आठ दिवस उशिरा

आमच्या पिढीला चेरी ब्लॉसम म्हणजे बुटांचं पॉलिश. रविवारी सकाळी ओटीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बाबा बुटांना ब्रश मारत बसायचे आणि त्या चपट्या डबीचा वास दुपारपर्यंत त्यांच्या हातांना राहायचा. त्यामुळे लेक वॉशिंग्टनहून दरवर्षी फोनवर "आई, एकदा चेरी ब्लॉसमला ये गं" म्हणायची, तेव्हा माझ्या नाकाशी आधी पॉलिश यायचं, फुलं नंतर.

2024 साली जमलं. म्हणजे माझं जमलं. ह्यांचं जमणं शक्यच नव्हतं, कारण मार्च ते मे आमच्या घरात हापूस सोडून कुणाला किंमत नसते. साठ-सत्तर कलमं आहेत, बाग म्हणावी एवढीही नाहीत, पण मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी रवाना होईपर्यंत हे गाव सोडत नाहीत. "तू जा, झाडं बघून ये," म्हणाले. मला जणू बँकेत पासबुक भरायला पाठवत होते.

तिकीट काढताना लेकीनं पक्का हिशोब केला होता. तिथल्या चेरीच्या झाडांचा बहर साधारण मार्चअखेर नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला येतो. त्या फुलांचा महोत्सव 20 मार्च ते 14 एप्रिल. तेव्हा आईनं 22 मार्चला उतरावं, दोन दिवस झोप जागेवर आणावी आणि मग ऐन बहरात फिरावं. बहर आला 17 मार्चला. महोत्सव सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. इतक्या लवकर तो क्वचितच येतो. नोंदींतला सगळ्यात लवकरचा 15 मार्च 1990 चा आणि सगळ्यात उशिराचा 18 एप्रिल 1958 चा. ह्या झाडांचंच काम करणाऱ्या जाणकारांचाही अंदाज त्या वर्षी आठवडाभरानं चुकला होता, मग माझ्या लेकीला काय बोलणार? विमानतळावर मला मिठी मारून ती म्हणाली, "आई, अगं बहर गेला." घरातलं कुणी वारल्यासारखा आवाज लागला होता तिचा.

मला हसू आलं, आणि मनातल्या मनात थोडं वाईटही वाटलं. वीस तासांचा प्रवास करून आले होते शेवटी.

गाडीत समजलं की 'बहर आला' हे तिथे असं सहज कुणी म्हणत नाही. त्याची व्याख्या आहे. टायडल बेसिन नावाच्या तळ्याकाठच्या योशिनो जातीच्या झाडांवर सत्तर टक्के फुलं उमलली की तो दिवस बहराचा. त्याआधी कळ्यांच्या पाच पायऱ्या मोजतात: हिरवी टोकं दिसली, झुपक्यातल्या कळ्या सुट्या दिसल्या, कळ्या बाहेर आल्या, देठ लांबले, पांढरी फुगीर कळी. रोज कुणीतरी जाऊन बघतं आणि आजची पायरी जाहीर होते. सगळ्यांच्या आधी, आठ-दहा दिवस अगोदरच फुलणारं एक झाड आहे, त्याच्यावर डोळा ठेवायचा. आमच्याकडे मोहोराचा अंदाज हे अंगणात उभं राहून नाकानं घेतात. पण पद्धत मला आवडली. माझी चिडचिड एवढीच होती की मी शंभर टक्क्यांच्याही पलीकडे जाऊन पोचले होते.

सोमवारी, 25 मार्चला, आम्ही गेलो. नातीच्या शाळेला सुट्टी होती. इकडे त्या दिवशी धुळवड. मेट्रोनं स्मिथसोनियन स्टेशनला उतरलो, वॉशिंग्टन स्मारकाच्या उंच खांबाला वळसा घालून हिरवळीवरून चालत तळ्याकडे निघालो, आणि तळं दिसायच्या आधी मला पायाखाली पाकळ्या दिसल्या. आधी सुट्या, मग रस्त्याच्या कडेला साचलेल्या, मग वाऱ्याची झुळूक आली की फरशीवरून सरपटत जाणाऱ्या. रंग म्हणावा तर पांढरा, पण ओंजळीत घेतल्या की गुलाबी.

"आजी, खाच बघ," नात म्हणाली. तिनं एक पाकळी माझ्या तळहातावर ठेवली. वरच्या टोकाला बारीकशी खाच होती, कात्रीचं टोक लागल्यासारखी. शाळेत सांगितलं होतं म्हणे, खाच असली तर चेरी, टोक गोल असलं तर प्लम. झाडाची सालही तिनंच दाखवली. खोडाला आडव्या रेघा, आजोबांच्या कपाळासारख्या. हे तिचं म्हणणं, माझं नाही.

झाडांवर अजून फुलं होती. विरळ. त्यांच्यामधून तांबूस-पोपटी पालवी डोकावत होती. खरी गंमत पाण्यावर होती. काठाकाठानं पाकळ्यांचा जाड थर जमला होता आणि पाणी हललं की सबंध थर एखाद्या गोधडीसारखा हलत होता. जपानीत ह्याला हाना-इकादा म्हणतात, फुलांचा तराफा. बहर गेल्यावर जे उरतं त्याच्यासाठी वेगळा शब्द ठेवणाऱ्या लोकांविषयी मला तिथल्या तिथे आपुलकी वाटली.

थोडं पुढे गेल्यावर वाट पाण्याखाली गेली. जेफरसन स्मारकाच्या बाजूला काठ तेव्हा इतका खचलेला होता की भरतीचं पाणी फरसबंदीवर चढायचं, काही झाडांच्या मुळांशी यायचं. लोक बूट हातात घेऊन चिखलातून वळसा घालत होते. लेक म्हणाली, "हे रोजचंच आहे, आज जरा जास्त दिसतंय." मी म्हटलं, "अगं, काल होळी पेटली ना? पुनवेचं उधाण आहे हे." तिनं माझ्याकडे पाहिलं. नदीला भरती येते, तीही समुद्रापासून इतक्या आत, हे मलाही नवीन होतं. पण पोटोमॅक वॉशिंग्टनपर्यंत भरतीचीच नदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नदीतला गाळ उपसून जमीन केली, तेव्हा हे तळं बांधलं. त्याला दारं आहेत. भरती चढली की नदीकडचं दार उघडून पाणी आत येतं. ओहोटी लागली की ते दार मिटतं आणि साठलेलं पाणी दुसऱ्या दारानं बाहेर पडून पलीकडच्या खाडीतला गाळ धुऊन नेतं. आमच्या खाडीकाठच्या बांधांना उघाड्या, म्हणजे अशीच दारं, असतात, तोच प्रकार, काम फक्त उलटं. आमच्याकडे पाणी आत येऊ नये म्हणून, इथे यावं म्हणून.

त्या चिखलातच ते झाड होतं. बुटकं, खोड जवळजवळ पोकळ, वरती दोन-चार फांद्या तुऱ्यासारख्या. स्टम्पी. आपण खुंटुकला म्हणू. काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर कुणीतरी त्याची चेष्टा केली आणि बघता बघता ते शहराचं लाडकं झालं. त्या वसंतात त्याच्याभोवती गर्दी होती, कारण काठाची भिंत नव्यानं बांधायची म्हणून शंभराहून जास्त चेरीची झाडं काढायची ठरलं होतं आणि त्यात हेही होतं. लोकांनी त्याच्या बुंध्याशी फुलं ठेवली होती, चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. एक उंच माणूस टोपी काढून उभा होता. मला पहिल्यांदा हे जरा अतीच वाटलं. मग खोडाच्या पोकळीतून पलीकडचं पाणी दिसलं आणि त्या पोकळीच्या कडेवरून निघालेल्या एका फांदीवर सात फुलं होती. मी मोजली.

बाकावर बसून ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. मी कौतुकानं फोन तळ्यावरून फिरवला. हे म्हणाले, "कलमं आहेत का ती?"

कलमंच आहेत. ती सगळी गोष्ट मला लेकीनं आधीच्या रात्री सांगितली होती, ती मी ह्यांना सांगितली. एलायझा सिडमोर नावाची एक बाई 1885 मध्ये जपान बघून आली आणि वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना म्हणाली, नदीकाठच्या ह्या चिखलाच्या पट्ट्यावर चेरी लावा. ऐकलं नाही. अधिकारी बदलले की ती पुन्हा जायची. चोवीस वर्षं. शेवटी 1909 मध्ये तिनं थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला, हेलन टाफ्ट यांना पत्र घातलं. त्यांनी जपान पाहिलेला होता. त्यांनी मनावर घेतलं. त्याच सुमारास ॲड्रेनलिन वेगळं काढणारे रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने शहरात होते, त्यांनी झाडं देऊ केली, आणि टोकियो शहराच्या नावानं दोन हजार झाडं जहाजानं आली. तपासणी झाली. मुळांत सूत्रकृमी, खोडांत किडी. 28 जानेवारी 1910 ला ती सगळीच्या सगळी जाळली.

"बरोबर केलं," हे म्हणाले. हापूसवाल्याला कीड लागलेल्या रोपाची दया येत नाही.

भेट आलेली झाडं जाळणं म्हणजे केवढा अवघड प्रसंग! दोन्हीकडून पत्रापत्री झाली. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी मनाला लावून न घेता पुन्हा तयारी केली. ह्या वेळी आराकावा नदीकाठच्या नामांकित झाडांच्या काड्या घेतल्या आणि इतामी गावात मुद्दाम वाढवलेल्या खुंटांवर कलमं बांधली. बारा जातींची 3,020 झाडं आली, त्यात 1,800 योशिनो. 27 मार्च 1912 ला हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी चिंदा यांनी तळ्याच्या उत्तर काठावर पहिली दोन लावली. ती दोन अजून आहेत. आम्ही परत जाताना त्यांना हात लावला, आणि लगेच काढून घेतला. इथे फूल तोडणं, फांदी वाकवणं, झाडावर चढणं सगळ्याला मनाई आहे. आमच्या मागून येणाऱ्या एका मुलाला त्याची आई हेच समजावत होती. हात लावण्याबद्दल पाटीवर काही नव्हतं, तरी भीती वाटते.

"मग सगळी एकदम फुलतात ती ह्यामुळे," हे म्हणाले. "एकाच झाडाच्या काड्या. कलम म्हटलं की सगळी एका वळणाची."

एवढी सुंदर फुलं दाखवली त्यांच्याबद्दल मात्र एक शब्द नाही.

नंतरचे सहा आठवडे मला कुणी बहरासाठी हटकलं नाही. गेलेल्या गोष्टीची वाट बघायची नसते, हा त्यातला मोठा फायदा. महोत्सवाला आलेली गर्दी पांगली आणि मी दर दोन-तीन दिवसांनी, कधी लेकीबरोबर, कधी जावई सोडतील तिथून पुढे एकटी, चालत सुटले. संग्रहालयं फुकट आहेत, सगळी स्मिथसोनियन नावाच्या संस्थेची, एकाला लागून एक; पण वसंतात छपराखाली कोण जातं? ती मी पावसाच्या दिवसांसाठी ठेवली. प्राणिसंग्रहालयात नात मला पांडा दाखवणार होती, ते आदल्या नोव्हेंबरातच चीनला परत गेले होते. रिकामं आवार बघून ती रुसली. एका शनिवारी स्मारकाच्या मैदानावर पतंगांचा मेळावा होता, पण तिथे काटाकाटीपेक्षा कौतुक जास्त. संक्रांत पाहिलेल्या माणसाला ते सपक वाटतं.

झाडं मात्र सपक नव्हती. लेकीच्या गल्लीत दुतर्फा पांढऱ्याशुभ्र फुलांची झाडं होती, त्यांचाही बहर उतरणीला लागलेला. लांबून इतकी देखणी की मी जवळ गेले आणि पदर नाकाला लावला. सुक्या मासळीचा वास. तेही थोडी ओली राहिलेली. कॅलरी पेअर, पेअरचीच एक जात. ह्यातलं ब्रॅडफर्ड नावाचं वाण इथल्याच शेतकी खात्यानं 1963 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या केंद्रातून बाहेर काढलं, गावोगावी रस्त्यांच्या कडेनं लागलं, आणि आता त्याची संतती रानात पसरली म्हणून लोकच ते उपटतायत. मला वासाचं एवढं काही वाटलं नाही. घराची आठवण आली.

मग रेडबड. पानं फुटायच्या आधी जांभळट गुलाबी कळ्या, आणि त्या कुठे? जुन्या फांद्यांवर, नुसत्या बुंध्यावर, सालीतून थेट. फणसाला फळ धरतं तसं. मी त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिले की एक बाई थांबून विचारती झाली, सगळं ठीक आहे ना. फणस इंग्रजीत सांगण्याचा मी प्रयत्न केला, तो फसला.

एप्रिलच्या मध्यानंतर डॉगवुड. त्याची ती पांढरी चार पाकळ्यांची फुलं म्हणजे पाकळ्या नव्हेतच, बोगनवेलीसारखी रंग बदललेली पानं. खरी फुलं मध्यावर, मोहरीएवढी. चेरीची परतफेड म्हणून 1915 मध्ये अमेरिकेनं जपानला हीच झाडं पाठवली होती. त्याच सुमारास सगळ्या गाड्यांवर पिवळी धूळ बसू लागली, ओकच्या परागांची. जावई महिनाभर शिंकत होते. "आई, तुम्ही वसंत बघा," म्हणायचे, "मी गोळी घेतो."

8 एप्रिलला सूर्यग्रहण. दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणजे अमावास्या अगदी हिशोबात. वॉशिंग्टनला खग्रास नव्हतं, दुपारी सव्वातीनच्या पुढे साधारण 87 टक्के सूर्य झाकला जाणार होता. काळे चष्मे दोनच मिळाले होते आणि ते अर्थातच नातीच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या डोळ्यांवर. मी पुरणाची तयारी करत होते. ग्रहणात स्वयंपाक, माझ्या आईनं पाहिलं असतं तर! पुरणयंत्राची जाळी धुऊन मी मागच्या लाकडी ओट्यावर निथळत धरली, आणि खाली फळ्यांवर नजर गेली. जाळीच्या प्रत्येक भोकाखाली एकेक चंद्रकोर. शंभरेक कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. मी हात हलवला की सबंध थवा हलायचा. पोरींनी चष्मे काढून टाकले आणि पुरणयंत्रावर झडप घातली. उजेड तोवर विचित्र झाला होता, संध्याकाळही नाही आणि ढगाळही नाही, आणि पक्षी घाईघाईनं ओरडत होते.

पाडव्याला गुढी उभारली ती खिडकीत, जिम्नॅस्टिकच्या काठीला. कडुनिंब नव्हताच. शेजारच्या अंगणात क्वान्झान जातीची चेरी भरात आली होती. ही योशिनोच्या मागून दोन-तीन आठवड्यांनी फुलते, गडद गुलाबी, एकेका फुलात पंचवीस-तीस पाकळ्या, झुपकेच्या झुपके, आपल्या लग्नातल्या मंडपाला शोभेल अशी. नाजूकपणाची आवड असलेले लोक हिला नाक मुरडतात. मी मुरडलं नाही. तोडायला विचारावं तर संकोच, म्हणून सकाळी लवकर जाऊन गवतात पडलेले झुपके वेचले, दवानं भिजलेले. सुईत ओवले. योशिनोच्या पाकळ्या सुट्या सुट्या गळतात, त्यांची माळ होणं शक्य नाही. ही फुलं सबंध गळतात.

जायच्या आधी लेकीनं नॅशनल आर्बोरेटमला, म्हणजे तिथल्या सरकारी वृक्षोद्यानाला नेलं, अझेलियाची फुलं बघायला. एका टेकडीचा सबंध उतार गुलाबी, नारिंगी, लाल. डोळे दुखले. मला आठवतं ते दुसरंच. तिथे बोन्सायचं संग्रहालय आहे आणि एका कुंडीत एक पाइन आहे, माझ्या कमरेएवढा. पाटीवर साल 1625. महाराज जन्मायच्या पाच वर्षं आधी कुणीतरी त्याला कुंडीत घातलं. मासारू यामाकी नावाच्या गृहस्थांनी 1976 मध्ये तो अमेरिकेला दिला, स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षाची भेट म्हणून. 2001 मध्ये त्यांचे नातू बघायला आले तेव्हा सगळ्यांना कळलं की ही कुंडी हिरोशिमाची. बाँब पडला तिथून तीनेक किलोमीटरवर यामाकींचं घर होतं. अंगणाच्या भिंतीआड झाड वाचलं. ज्यांनी टाकला त्यांच्याच हातात झाड देताना यामाकींनी हे सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं लोक त्याला पाणी घालत होते, माहीत नसताना. तिथली एक मुलगी झारीनं पाणी घालत होती. अगदी हळू, मातीत मुरेल तेवढंच, आणि मग थांबून पुन्हा.

मे संपायच्या आत मी घरी परतले. हापूस आटोपत आला होता, पडवीत कोयींचा ढीग. पाऊस लागला की हे कोय कलमं बांधतात. त्यासाठी धुतलेल्या कोयी निवडत बसले होते, तेव्हा लेकीनं फोटो पाठवला. खुंटुकला गेला होता. जागेवर नुसता चिखल आणि नारिंगी जाळी. नातीनं खाली रडणारा चेहरा टाकला होता. मी फोन ह्यांच्यापुढे धरला.

ह्यांनी चष्मा वर करून फोटो लांब धरून पाहिला. मी त्यांना सांगितलं की तोडायच्या आधी आर्बोरेटमच्या लोकांनी त्याच्या काड्या नेल्यात. आणि हेही सांगितलं, जे त्या दिवशी बाकावर सांगायचं राहिलं होतं: युद्धात आराकावाकाठची मूळ झाडं हेळसांडीनं गेली, तेव्हा 1952 मध्ये वॉशिंग्टनच्या ह्याच झाडांच्या काड्या टोकियोला परत पाठवल्या होत्या.

"काड्या नेल्यात ना?" हे म्हणाले. "मग पोरीला सांग, दोन-तीन वर्षं लागतील." आणि एक पोचट कोय उचलून ढिगातून बाजूला टाकली.